रसायन मारलेल्या जुन्या लाकडाची विल्हेवाट: मराठवाड्यातील घरमालक आणि शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शक

मराठवाड्यात उन्हाळा लागला की गावोगाव जुनी माळवदे उतरवली जातात आणि त्यांतून तुळया, खांब, चौकटी, फळ्या असे बरेच लाकूड निघते. चांगला सागवान मिस्त्री किंवा जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जातो आणि उरलेले लाकूड चुलीला किंवा अंघोळीच्या पाण्याच्या बंबाला जाते. साध्या लाकडाच्या बाबतीत या रिवाजात काही वावगे नाही. पण ज्या लाकडावर वाळवी, कीड किंवा कूज रोखण्यासाठी रसायन मारलेले असते, त्याला हा रिवाज लागू केला तर ते रसायन आपल्याच धुरात, राखेत आणि विहिरीत उतरते. परभणी जिल्ह्यातील आमचे जुने घर आणि शेताच्या कुंपणाचे खांब काढताना ही सगळी प्रक्रिया मला करावी लागली. माहिती मिळाली, पण ती तुकड्यातुकड्यांत आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळाली. ती क्रमाने लावून येथे देत आहे.

आधी धोका समजून घ्या

लाकडावर मारली जाणारी रसायने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार धातूंच्या क्षारांचा. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाखाली लाकडात मुरवण्याची पद्धत 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी विकसित केली आणि ती पुढे जगभर पसरली. याच मिश्रणाला सीसीए म्हणतात. दुसरा प्रकार तेलकट रसायनांचा, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट, पेंटाक्लोरोफेनॉल आणि आपल्याकडे सर्रास फासले जाणारे गाडीचे जळके ऑइल.

धातूचा प्रश्न असा की तो जळून नष्ट होत नाही. लाकूड पेटवले की त्यातले आर्सेनिक काही प्रमाणात धुराबरोबर उडते आणि बाकीचे राखेत साठते. शंभर किलो लाकडाची राख जेमतेम काही किलो होत असल्याने राखेतील विषाची तीव्रता मूळ लाकडापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. शिवाय क्रोमियमचा काही भाग जळताना षट्संयुजी स्वरूपात जातो, आणि ते स्वरूप पाण्यात विरघळणारे व कर्करोगकारक आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडून पाहू. एका घनमीटर लाकडात सीसीएचे फक्त 4 किलो क्षार आहेत असे धरले, तर त्याच्या प्रचलित मिश्रणानुसार त्यात साधारण 900 ग्रॅम आर्सेनिक भरते. चार इंच जाड आणि दहा फूट लांब अशा एका खांबात ते सुमारे 25 ग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका खांबातील सगळे आर्सेनिक पाण्यात उतरले, तर 25 लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचेल. प्रत्यक्षात ते सगळे एकदम उतरत नाही. अखंड आणि कोरड्या खांबात हे क्षार लाकडाच्या तंतूंना घट्ट धरून राहतात. खांब जाळला, किसला किंवा ओलीत सडू दिला की ही पकड सुटते, आणि पुढील बहुतेक पायऱ्या याच एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

1. लाकूड हलवण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारा

लाकूड कुठून आले, कधी बसवले आणि त्यावर काय फासले, हे घरातील वडीलधाऱ्यांना, गावच्या सुताराला आणि मूळ विक्रेत्याला विचारून वहीत लिहून ठेवा. जुन्या वाड्यांतील सागवान स्वतःच वाळवीला दाद देत नाही, त्यामुळे त्यावर अनेकदा काहीच मारलेले नसते. उगाच सगळ्याच तुळयांना विषारी ठरवण्याचे कारण नाही. आंबा, कडुनिंब, बाभूळ किंवा आयात केलेले पाइनचे लाकूड असेल, तर मात्र प्रक्रिया झाली असण्याची शक्यता वाढते.

एक प्रश्न आवर्जून विचारा: वाळवीसाठी कोणते औषध वापरले होते? पूर्वी गावात बीएचसीची पावडर आणि अल्ड्रिन सहज मिळत असे. या दोन्हींवर आज भारतात बंदी आहे, परंतु ती मातीत आणि लाकडात वर्षानुवर्षे टिकणारी द्रव्ये आहेत. अलीकडे मारलेले क्लोरपायरीफॉस त्या मानाने लवकर विघटित होते.

2. पाहून आणि वासावरून ओळख पटवा

सीसीए लावलेल्या नव्या लाकडावर हिरवट झाक असते. उन्हापावसात ती उडून लाकूड करडे दिसू लागते, म्हणून वरवरच्या रंगावर विसंबू नका. खांबाच्या टोकाला करवतीने पातळ काप घ्या. कडेचा पट्टा हिरवट आणि गाभा नैसर्गिक रंगाचा दिसला, तर ते दाबाखाली रसायन मुरवलेले लाकूड समजावे. शीतकरण मनोऱ्यांतून (कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमधून) निघालेल्या लाकडाकडे विशेष संशयाने पाहा, कारण तेथे हीच प्रक्रिया केलेले लाकूड वापरले जाते.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, म्हणजे आपली सिलिपाटे, काळपट तपकिरी असतात आणि त्यांना डांबरगोळीसारखा उग्र वास येतो. तो क्रिओसोटचा वास. मराठवाड्यात मीटरगेज आणि नॅरोगेज मार्ग बदलले गेले त्या पट्ट्यांत अशी सिलिपाटे शेताच्या फाटकाला, गोठ्याच्या खांबांना किंवा ओढ्यावरच्या साकवाला वापरलेली दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांतून काळा चिकट द्रव पाझरतो, यावरूनही ती ओळखता येतात.

जुन्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 साली झाले आणि त्यांची अंमलबजावणी नोव्हेंबर 2017 पासून सुरू झाली. त्याआधीचे रंगाचे थर, विशेषतः पिवळा, केशरी आणि हिरवा, शिसेयुक्त आहेत असे धरूनच चाला.

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतून सरपण म्हणून विकले जाणारे पॅलेट आणि खोकी यांचीही तपासणी करा. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो आणि त्यात प्रक्रियेची दोन इंग्रजी अक्षरे असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड केवळ उष्णतेने, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमानात 30 मिनिटे ठेवून, निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. असे पॅलेट स्वयंपाकाच्या किंवा घरातील वापराच्या जवळ आणू नका. शिक्का कोणताही असला तरी पॅलेटवर तेल अथवा रसायन सांडल्याचे डाग असतील, तर शिक्क्याला काही अर्थ उरत नाही.

प्लायवुड फोडल्यास त्यावरील छाप पाहा. आयएस 710 असा छाप असलेले मरीन प्लायवुड वाळवी आणि कुजीविरुद्ध संरक्षक रसायनाने प्रक्रिया केलेले असते, आणि त्याशिवाय त्यात फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो.

3. तीन ढीग करा

पहिला ढीग साध्या लाकडाचा, दुसरा रंग दिलेल्या लाकडाचा आणि तिसरा रसायन मुरवलेल्या किंवा ऑइल फासलेल्या लाकडाचा असावा. ओळख न पटलेले लाकूड तिसऱ्या ढिगात टाका. प्रत्येक ढिगाचे फोटो काढा, लांबी-रुंदी-जाडी मोजून यादी करा आणि तिसऱ्या ढिगातील प्रत्येक मोठ्या नगावर रंगाने फुली मारा. मजूर रोज बदलत असतात. फुली नसेल तर दुसऱ्या दिवशी तोच खांब सरपणात गेलेला आढळतो.

4. उतरवताना आणि कापताना घ्यायची काळजी

लागणारे साहित्य फारसे महाग नाही: एन-95 मुखपट्टी, रबरी हातमोजे, डोळ्यांना झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोठी ताडपत्री, खिळे काढायची पहार आणि भुसा गोळा करण्यासाठी जाड पोती. तोंडाला बांधलेला गमछा बारीक भुसा अडवत नाही, हे मजुरांना पटवून द्यावे लागते. मुखपट्टी तुम्हीच आणून हातात द्या; ज्याने त्याने आणावी असे सांगितल्यास कोणी आणत नाही.

शक्यतो कापूच नका, आणि कापावेच लागले तर उघड्यावर, ताडपत्री अंथरून, वारा पडलेला असताना हातकरवतीने कापा. विजेच्या करवतीचा आणि सँडरचा भुसा अतिशय बारीक असतो व तो दूरवर उडतो. रंग काढण्यासाठी गॅसची ज्योत वापरू नका, कारण तापलेल्या शिशाच्या रंगाची वाफ थेट फुप्फुसात जाते. रंग काढणे अगदीच आवश्यक असेल तर पृष्ठभाग पाण्याने ओला करून खरवडा आणि खरवड ताडपत्रीवरच गोळा करा.

क्रिओसोटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ते त्वचेला लागले आणि त्यावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी लाल होते. आपल्याकडील उन्हाळ्यात सिलिपाटे उचलण्याचे काम सकाळी नऊच्या आत संपवावे, नंतर साबणाने हात धुवावेत आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना कामाच्या जागेपासून दूर ठेवा.

5. पावसाआधी कोरडी साठवण

विल्हेवाटीला वेळ लागणार हे गृहीत धरून साठवणीची सोय मृगाच्या पावसाआधी करा. लाकूड विटांवर किंवा दगडांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचून वरून ताडपत्रीने झाका. जागा विहीर, बोअर, ओढा, गोठा आणि धान्याची कोठी यांपासून लांब आणि उंचवट्यावर असावी.

आपल्या काळ्या जमिनीविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. चिकणमातीत धातू अडकून राहतात म्हणून काळी जमीन सुरक्षित आहे, असे अनेकदा सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात व पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खालच्या मुरुमापर्यंत जाते. ही माती बहुधा अल्कधर्मी असते आणि अल्कधर्मी मातीत आर्सेनिक कमी घट्ट धरले जाते. पुढे जमीन फुगून पाणी साचले की प्राणवायूअभावी आर्सेनिकचे रूपांतर अधिक सहज वाहणाऱ्या स्वरूपात होऊ शकते. खाली बेसाल्टचा खडक. त्याच्या फटींतूनच आपल्या विहिरींना पाणी येते. त्यामुळे मोकळ्या रानात टाकलेल्या ढिगाचा निचरा कोणत्या विहिरीत जाईल, हे वरून पाहून सांगता येत नाही.

6. पुन्हा वापरता येईल तेवढे वापरा

माझ्या मते हीच सर्वांत चांगली आणि स्वस्त विल्हेवाट आहे. सुस्थितीतील, अखंड, रसायन मुरवलेले खांब कुंपणाला, बाहेरच्या फाटकाला किंवा अवजारांच्या शेडला वापरता येतात. रंगीत दारे-चौकटी न खरवडता, वरून नव्या शिसेरहित रंगाचे दोन थर देऊन पुन्हा बसवता येतात. जुना थर शाबूत आणि झाकलेला असेल तोवर तो फारसा त्रास देत नाही.

कोठे वापरू नये, याची यादी मात्र काटेकोरपणे पाळावी. गव्हाण, पाण्याचा हौद, कोंबड्यांचे खुराडे, धान्याची कणगी, भाजीपाल्याच्या वाफ्याच्या कडा, लहान मुलांचा झोका आणि स्वयंपाकघरातील फळ्या यांसाठी असे लाकूड वापरू नका. सिलिपाटे घराच्या आत वापरू नका, कारण त्यांची वाफ बंद खोलीत साठते. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला माल देताना प्रक्रिया झाल्याचे पावतीवर लिहून द्या. पुढे तेच लाकूड एखाद्या हॉटेलच्या तंदूरला जाऊ नये, यासाठी एवढे तरी आपल्या हातात असते.

7. ज्या गोष्टी अजिबात करू नयेत

जाळणे हा पहिला सापळा आहे. चूल, बंब, वीटभट्टी, गुऱ्हाळ आणि शेकोटी, सगळ्यांनाच हे लागू आहे. पौष महिन्यात शेतावर हुरडा भाजण्यासाठी आगटी पेटवताना कोपऱ्यात पडलेली कुंपणाची मोडकी लाकडे सहज हाताला लागतात आणि कणसे त्याच निखाऱ्यांत खुपसली जातात. पाहुणे येण्याआधीच ती लाकडे तेथून हलवा. गोवऱ्या आणि साध्या काटक्या पुरेशा असतात. पेंटाक्लोरोफेनॉल लावलेले लाकूड जळताना डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य तयार होते. पेंटाक्लोरोफेनॉलचा समावेश 2015 साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत झाला आहे. कचरा उघड्यावर जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपयांची भरपाई ठरवून दिलेली आहे, हे मजुरांनाही सांगून ठेवा.

राखेचा सापळा त्याहून मोठा आहे, कारण आपल्याकडे राख वाया जात नाही. ती भांडी घासायला लागते, कडधान्याच्या बियाण्यात मिसळली जाते, वांग्या-मिरचीवर उधळली जाते आणि शेवटी उकिरड्यावर जाते. सीसीए लाकडाची राख यांपैकी कोणत्याही कामाला वापरू नये. ही राख खारट असल्याने गुरे ती आवडीने चाटतात आणि अशा राखेमुळे जनावरे दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. एखाद्या ठिकाणी लाकूड आधीच जळलेले असेल तर गुरांना तेथे जाऊ देऊ नका. राखेवर हलके पाणी शिंपडून, मुखपट्टी आणि हातमोजे घालून, वरच्या मातीच्या थरासह ती जाड पिशवीत भरा आणि तिसऱ्या ढिगाजवळ कोरड्या जागी ठेवा.

पुरणे हा तिसरा सापळा. खड्डा खोदून लाकूड गाडले की डोळ्यांआड होते, पण ओलाव्याच्या सतत संपर्कात येते. पडीक विहिरीत टाकणे तर सर्वांत घातक, कारण ती विहीर आणि शेजारची चालू विहीर बहुधा एकाच झऱ्यावर असतात. लाकडाचा चुरा करून फळझाडांच्या बुडाशी आच्छादन करणे, भुसा कोंबड्यांखाली अंथरणे, भुशाच्या शेगडीत भरणे किंवा गांडूळखतात मिसळणे, हेही टाळा. बारीक केलेल्या लाकडाचा पृष्ठभाग वाढतो आणि त्यातून रसायन अधिक वेगाने सुटते.

8. उरलेल्या लाकडाची अधिकृत विल्हेवाट

पुनर्वापरानंतर उरलेले कुजके तुकडे, भुसा, रंगाची खरवड आणि राख एवढेच खरे तर विल्हेवाटीसाठी शिल्लक राहते. शहरात राहत असाल तर नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य व स्वच्छता विभागाकडे लेखी अर्ज द्या. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, अशी तरतूद केली होती. केंद्र कोठे आहे, हे अर्जातच विचारा, कारण तोंडी विचारल्यास सगळे घंटागाडीत टाका असे उत्तर मिळू शकते. घंटागाडीतून गेलेले लाकूड शेवटी कचरा डेपोवर पेटते.

गावात असाल तर ग्रामपंचायतीला पत्र देऊन त्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे आणि जालना, परभणी, नांदेड व लातूर येथे उपप्रादेशिक कार्यालये आहेत. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी राज्यातील सामाईक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत, म्हणजे मराठवाड्यात एकही नाही. एका घरातील पोतेभर भुशासाठी तेथपर्यंत वाहन नेणे परवडणारे नाही. त्यामुळे गावातील चार-सहा घरांचा असा कचरा कोरड्या जागी एकत्र साठवून, एकाच पत्राने मागणी करणे व्यवहार्य ठरते. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना त्या केंद्राचा सभासद असेल, तर मंडळाच्या अधिकाऱ्याला त्याच फेरीची शक्यता विचारून पाहा; परस्पर कारखान्याच्या गाडीत माल टाकू नका.

कारखानदार, कंत्राटदार किंवा शीतकरण मनोरे मोडणारे व्यावसायिक यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. घातक व इतर कचरा नियम 2016 नुसार निक्षालन चाचणीत, म्हणजे कचऱ्यातून द्रवात किती विष झिरपते हे पाहणाऱ्या चाचणीत, आर्सेनिक लिटरला 5 मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास तो कचरा घातक ठरतो, तो साधारणपणे 90 दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही आणि त्याच्या वाहतुकीसाठी नमुना 10 मधील वाहतूकपत्र लागते. अशा मालाचा सौदा कोणी अगदी स्वस्तात देत असेल, तर त्याने ही कागदपत्रे टाळलेली आहेत का, हे आधी पाहावे.

9. हाताशी ठेवायची कागदपत्रे

लाकडाची मोजमापासह यादी आणि फोटो, घर उतरवण्याबाबत ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला दिलेल्या पत्राची पोच, घराचा नमुना 8 उतारा, लाकूड खरेदी केल्याची जुनी पावती असल्यास ती, आणि मंडळाला पाठवलेल्या पत्राची पोच एका फाइलमध्ये ठेवा. सागवान दुसऱ्या गावाला न्यायचा असेल तर वाहन भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याबाबत विचारा. जुन्या घराचे लाकूड आहे, हे सांगून रस्त्यावरच्या तपासणीत भागेलच असे नाही. उताऱ्यासोबत पोच दाखवता आली तर काम सोपे होते.

10. खांब काढलेल्या जागेचे काय करावे

कुंपणाचा खांब जमिनीत जेथे होता, त्याच्या भोवतालच्या काही इंचांच्या मातीत रसायन सर्वाधिक उतरलेले असते. खांब उपटल्यावर ती माती शेतात पसरवू नका, त्याच खड्ड्यात परत भरून वर साधी माती दाबा आणि त्या ओळीत पालेभाज्या, मुळा, गाजर किंवा हळद लावू नका. तेथे शोभेचे झुडूप किंवा सरळ नवा सिमेंटचा खांब चालेल.

जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणू एवढेच पाहिले जाण्याची शक्यता असते, म्हणून अर्जात आर्सेनिक आणि क्रोमियम अशी नावे स्पष्ट लिहा आणि ही तपासणी तेथे होते का, नसल्यास नमुना पुढे कोठे पाठवतात, हे बाटली भरण्यापूर्वी विचारून घ्या, कारण धातूंच्या नमुन्यासाठी वेगळी बाटली आणि आम्लाचे काही थेंब लागतात. एक नमुना पावसाळ्याआधी आणि दुसरा दिवाळीच्या सुमारास द्यावा. पावसाचे पाणी मुरल्यानंतरच्या आकड्यात वाढ दिसली, तर त्या स्रोताचे पाणी पिण्यासाठी बंद करून अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीला द्यावी.